बी.एड.ची आंतरवासिता: या चुका टाळा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले 20 आठवडे आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामासाठी, राखले गेले. पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. तरीही कितीतरी छात्रशिक्षक शाळेकडे पाठ 'काढायची' जागा म्हणूनच बघतात. पाठ झाला, निरीक्षण वहीत शेरा पडला, सही मिळाली, सुटलो! पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. तुम्हाला मिळालेला वर्ग कुणीतरी जूनपासून बसवलेला असतो आणि तुम्ही गेल्यावर त्याच शिक्षकांना तो पुढे न्यायचा असतो.

सीनियरचं टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, जसंच्या तसं उतरवणं. अशा टाचणात प्रश्नासमोर मुलांचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं. वर्गात मात्र सगळे गप्प. मग छात्रशिक्षक स्वतःच उत्तर सांगून पुढे सरकतो आणि पाठ वेळेत संपल्याचं समाधान मानतो. बाष्पीभवनाचा पाठ घ्या. 'ओल्या कपड्यातलं पाणी कुठे जातं?' याला उत्तर आलं नाही, तर 'पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?' हा पुढचा प्रश्न तयार हवा. प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली असा एक सोपा प्रश्न लिहून ठेवा. आणि आदल्या दिवशी विषयशिक्षकांना विचारा, "सर, मुलं कुठपर्यंत आलीत?" एवढं विचारलं तर निम्म्या अडचणी वर्गात जायच्या आधीच मिटतात.

गोंधळ झाला की आवाज चढवणं. दोन-तीन दिवसांत मुलं त्या आवाजाला सरावतात, आणि मग हात उचलावासा वाटतो. कधी मुलंच सांगतात, "बाई, त्याला मारा ना!" मारू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. चारचौघांत 'ढ' म्हणणं हा छळच. बोलणं थांबवा, त्या बाकापाशी जाऊन उभे राहा, मुलाला नावाने हाक मारा. त्यासाठी पहिल्याच दिवशी हजेरीपटावरून नावं उतरवून घ्या. 'ए, मागच्या बाकावरचा' म्हणून कुणी ऐकत नाही. तरीही जमलं नाही तर वर्गशिक्षकांचा सल्ला घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही.

मोबाइल. अहवालासाठी फोटो लागतात, मान्य. पण मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असे काढा आणि स्टेटसला तर कधीच ठेवू नका. मुलांना आपला नंबरही देऊ नका.

याहून नाजूक प्रसंग म्हणजे एखादी मुलगी येऊन म्हणते, "मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?" तसा शब्द देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका आणि लगेच मुख्याध्यापकांना सांगा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं पोक्सो कायदा 2012 नुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे, छात्रशिक्षकालाही. शाळेने टाळाटाळ केली, तरी तुमची जबाबदारी संपत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक 1098.

परिपाठाआधी पोहोचा आणि मस्टरवर उद्याची सही आज करू नका. यावर जास्त काय सांगायचं!

चूक कधी शाळेचीही असते. काही ठिकाणी छात्रशिक्षकांना दिवसभर बदली तासांवर, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या तासांवर, पिटाळतात आणि स्वतःच्या पाठाला वेळच उरत नाही. स्टाफरूममध्ये कुरकुर करून किंवा वाद घालून ते सुटत नाही. आठवडाभराच्या तासांचा तक्ता लिहा आणि गटप्रमुखासह मार्गदर्शक प्राध्यापकांकडे द्या. तक्ता हातात असला की त्यांना मुख्याध्यापकांशी बोलणं सोपं जातं.

शेवटच्या आठवड्यात निरोप समारंभाच्या गडबडीत तपासायच्या वह्या तशाच राहून जातात. त्या आधी परत करा. कोणता घटक कुठपर्यंत झाला, चाचणीत कुणाला काय जमलं नाही, हे एका कागदावर लिहून विषयशिक्षकांच्या हातात द्या.