अवघड नव्हे, अवघडल्यासारखं

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.
"१४८ बाय ९४," मी म्हणालो.
"ते बीपीच्या मशीनने सांगितलं. तुम्हाला कसं वाटतंय?"
"ठीक आहे."

मी मेंटेनन्स इंजिनियर. बेअरिंगचा आवाज बदलला की कुठल्या बाजूचं गेलंय ते दारातूनच सांगतो. पण स्वतःबद्दल 'ठीक'च्या पुढचा एक शब्द सापडेना. महिनाभर पहाटे तीनला जाग येत होती. आदल्या रात्री मुलगा बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपला, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. सांगायचं ते हे होतं. मी आकडा सांगून मोकळा झालो.

भावना ओळखता आणि शब्दांत मांडता न येण्याला मानसशास्त्रात नाव आहे, अलेक्सिथायमिया. पीटर सिफनिऑस यांनी १९७०च्या दशकात ते रूढ केलं. पुढे रोनाल्ड लेव्हंट यांनी असं मांडलं, की याचाच सौम्य प्रकार मुलग्यांना वाढवण्याच्या पद्धतीतून तयार होतो. 'रडतोस काय' हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

यातून बाहेर पडायचं, म्हणजे कम्फर्ट झोन सोडायचा म्हटलं की पुरुषांना आधी घाम आठवतो. मलाही तोच आठवला. पहाटे थंड पाण्याची अंघोळ, मग धावणं, सात महिन्यांनी हाफ मॅरेथॉन. २१ किलोमीटर धावलो, मेडल खुंटीला टांगलं, आणि त्या रात्रीही तीनला जाग आली. व्यायामाला नावं ठेवत नाही, तो मनालाही मानवतो. पण दात-ओठ खाऊन एकट्याने सोसणं हाच तर माझा कम्फर्ट झोन होता! मी त्यातच अजून २१ किलोमीटर आत गेलो होतो. अवघड गोष्ट मला जमते. अवघडल्यासारखं होतं ती गोष्ट मी टाळतो. बाहेर जायची वाट तिथून आहे.

तेव्हा सुरुवात टाळाटाळीच्या नोंदीपासून करा. छोटी वही घ्या. आठ दिवस काही बदलू नका, फक्त काय टाळलं ते लिहा. माझ्या पहिल्या आठवड्यात असं होतं: मित्राचा फोन वाजू दिला, नंतर 'मीटिंगमध्ये होतो' असा मेसेज केला. बायकोने 'काय झालंय?' विचारल्यावर गाडीच्या इन्शुरन्सचा विषय काढला. ऑफिसात एक गोष्ट समजली नव्हती, तरी मान हलवली. शेजारी लिहा, टाळल्यावर कसं वाटलं. माझ्याकडे सगळीकडे एकच शब्द होता, 'सुटलो'. गोम तिथेच आहे. ते सुटल्याचं सुख म्हणजे टाळण्याचं बक्षीस, आणि बक्षीस मिळालं की मन पुढच्या वेळी आणखी लवकर टाळतं.

मग यादीतल्या प्रत्येक गोष्टीला ० ते १०० मध्ये आकडा द्या, करायच्या नुसत्या विचाराने किती अवघडतं त्याचा. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची, भीतीवरच्या उपचारातली. आकड्यांप्रमाणे यादी लावली की शिडी तयार. सुरुवात ३०-४० पासून करा. मर्दानगी दाखवायला थेट ९०ला हात घालू नका. तिथे तोंडावर पडलात की मन म्हणतं, बघ, सांगत होतो ना.

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि दर खेपेला थोडा जवळ आणायचा. शेवटी ते मूल सशाला बोटं कुरतडू देत होतं. कुणी त्याला 'घाबरू नकोस' म्हणून ससा अंगावर टाकला नाही. आपणही स्वतःशी तेवढं सबुरीने घ्यावं.

माझा ससा म्हणजे फोन. जुन्या मित्राला कामाशिवाय फोन करून खरं काय ते सांगायचं. आकडा ६५. खालच्या दोन पायऱ्या झाल्यावर एका रविवारी गच्चीवर गेलो. नाव काढलं, स्क्रीन विझली. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा लावला आणि त्याने उचलताच मी म्हणालो, "अरे, तुझं ड्रिल मशीन आहे का?" माझ्या घरी दोन ड्रिल मशीन आहेत.

याला मी कुबडी म्हणतो. काम काढणं, विनोद करणं, हातात मोबाइल धरून बोलणं, दोन पेग झाल्यावरच मोकळं होणं, या सगळ्या कुबड्या. गोष्ट झाल्यासारखी वाटते, पण मन श्रेय कुबडीला देतं आणि भीती जागच्या जागी राहते. दारूची कुबडी तर हळूहळू माणसालाच वापरायला लागते. म्हणून वहीत एक रकाना कुबडीचा ठेवा आणि खरं लिहा.

पुढच्या रविवारी वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं आणि वाचूनच दाखवलं: "काही काम नाही. मला महिनोन्‌महिने नीट झोप नाही, चिडचिड होते, सांगावंसं वाटलं." पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "रात्री मोबाइल बघत जाऊ नकोस." मला इतका राग आला! "अरे, उपाय नको, नुसतं ऐक," म्हणालो. पुढे अकरा मिनिटं बोललो. जग काही उजळून निघालं नाही. नोंद: आधी ६५, नंतर ३५. चार दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला, "झोपलास का रे?" एवढंच विचारून ठेवला.

तेव्हा 'उपाय नको' हे सुरुवातीलाच सांगून टाका. आणि समोरासमोर बसून जमत नसेल तर शेजारी शेजारी चालत बोला, किंवा काहीतरी दुरुस्त करता करता. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात 'मेन्स शेड' सुरू झाले, पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम-दुरुस्ती करायच्या जागा. हात कामात आणि नजर लाकडावर असली की तोंड सुटतं, हे आमच्या वर्कशॉपमध्येही रोज दिसतं.

बोलायला शब्दच नसतील तर आधी लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांवर लिहिलं होतं. लिहिल्या लिहिल्या उलट उदास वाटतं, त्याने घाबरू नका. मात्र 'राग आला' यावर थांबू नका. माझ्या दिव्याच्या प्रकरणात रागाखाली निघाली ती भीती. नोकरी जाईल अशी कुजबुज होती, आणि मी विजेचा एक-एक युनिट मोजत होतो.

नकाराची भीती मोठी असेल तर पुढे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ झालेल्या अल्बर्ट एलिस यांचा किस्सा ऐका. मुलींशी बोलायला घाबरणारा हा एकोणीस वर्षांचा मुलगा महिनाभर एका बागेत गेला आणि त्याने शंभरेक अनोळखी स्त्रियांशी संभाषण सुरू केलं. भेटायला कबूल झाली ती एकच, आणि तीही आलीच नाही. पण आकाश कोसळत नाही हे त्याला कळलं, आणि त्यातूनच पुढे त्याची उपचारपद्धती घडली. (बागेतला भाग कृपा करून उचलू नका. आपल्या सरावासाठी दुसऱ्याला त्रास कशाला?) मीटिंगमध्ये "मला हे समजलं नाही, परत सांगा" म्हणा. शरम तेवढीच वाटते.

आणि एखादी गोष्ट अशी शिका, की जिथे तुम्ही सगळ्यांत कच्चे असाल. मी सेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला लागलो. उथळ बाजूला, कडेचा दांडा धरून, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत. शेजारची पोर म्हणाली, "काका, डोकं आत घाला, नाहीतर पाय खाली जातात." घातलं. पाय वर आले. सदतीस जणांना कामं वाटून देणाऱ्या माणसाला कुणीतरी शिकवतंय, याचा आनंद मी विसरलोच होतो.

आता एक गोष्ट नीट वाचा. शिडी रोजच्या अवघडलेपणासाठी आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर शिडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिड, दारू किंवा अंगावर काम ओढून घेणं अशा रूपात येतं, त्यामुळे घरच्यांनाही ओळखू येत नाही. जुना मोठा आघात असेल तर तो एकट्याने उकरू नका. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि सोबत घेऊन तातडीची मदत गाठा. जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्या करतात आणि पुरुषांमधलं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. मीही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, या वेळी वही घेऊन. त्यांनी चार पानं वाचली, झोपेचं औषध न देता समुपदेशकाचं नाव लिहून दिलं. पहिल्या भेटीचा आकडा ८०. पाचव्या भेटीचा २५.

शिडीवर एक पायरी अजून बाकी आहे. दिव्यावरून ओरडलो त्याबद्दल मुलाची माफी मागायची. आकडा ९०. काल रात्री त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तो जागाच होता, दिवा चालू. "चार्जर आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं. त्याने दिला. मी घेऊन आलो आणि वहीत कुबडीच्या रकान्यात लिहिलं: चार्जर.