पेडेरस: प्रजाती ठरवण्यापासून नकाशावर ठिपका ठेवण्यापर्यंत

पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर किंवा रात्री ट्यूबलाइटखाली दिसणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा सडपातळ भुंगेरा बहुतेक वेळा पेडेरस असतो. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ साली वर्णन केलेल्या या वंशात सहाशेहून अधिक प्रजाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर त्या सापडतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून प्रजातीचं नाव ठोकून देऊ नये.

आधी हाताळणी. याच्या रक्तद्रवात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा चावत नाही की डंख मारत नाही, पण अंगावर चिरडला तर साधारण १२ ते ४८ तासांत त्वचा लाल होऊन फोड येतात. त्वचेवर बसलाच तर फुंकर मारून उडवा, मग ती जागा साबणाने धुवा. नायट्राइल हातमोजे घालून मऊ टोकाच्या चिमट्याने पकडा. तोंडाने ओढायची नळी या किड्यासाठी वापरू नका. नमुने ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. डीएनए काढायचा असेल तर ९६ टक्के. एका जागेवरून पाच-सहा तरी घ्या, कारण प्रजाती बहुधा नरावरूनच पक्की होते.

आता भिंगाखाली. लांबी साधारण ७ ते १० मिमी, पुढचे कडक पंख आखूड, उदराचा बराच भाग उघडा. पायाच्या शेवटच्या भागात पाच सांधे असतात आणि त्यातला चौथा दोन पाळ्यांत दुभंगलेला दिसतो. ही खूण चुकवू नका. भातात ऑफिओनिया हा नारिंगी-काळा भुंगेरा नेहमी गोंधळ घालतो, पण त्याचे कडक पंख उदराचा बराचसा भाग झाकतात. वक्ष तांबडं आणि उदर पूर्ण काळं असेल, तर तो पेडेरिडस या जवळच्या वंशातला आहे का ते तपासा.

यानंतर पंखांकडे नीट बघा, वर्गीकरण आणि प्रसार दोन्हीचे धागे तिथेच आहेत. निळे-हिरवे कडक पंख वक्षपटापेक्षा (डोक्यामागच्या कडक ढालीपेक्षा) लांब आणि खांदे उठावदार असतील तर किडा बहुधा उडणारा. कीटकशास्त्रज्ञ कर्टिसने १८२६ साली वर्णन केलेला पेडेरस फ्युसिपेस असाच आहे. ब्रिटनपासून भारत, जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला. खांदे उतरते, कडक पंख वक्षपटाहून आखूड आणि मागे रुंदावलेले असतील तर तो उडू शकत नाही. अशा बऱ्याच प्रजाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या असतात. मात्र युरोपातला पेडेरस लिटोरॅलिस उडत नसूनही दूरवर पसरला आहे. शिवाय पंखांचं आखूडपण वेगवेगळ्या डोंगरांवर स्वतंत्रपणे येऊ शकतं, तेव्हा तेवढ्यावरून दोन प्रजातींचं जवळचं नातं मानणं घाईचं.

अंतिम निर्णय नराच्या जननेंद्रियावर. नर ओळखायचा तर उदराच्या आठव्या अधरपटलाच्या (खालच्या बाजूच्या कडक पट्टीच्या) मागच्या कडेला खोल चीर असते. उदराचं टोक कोमट पाण्यात मऊ करून वेगळं काढा, १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने बघत राहा. जास्त वेळ राहिलं तर आतले नाजूक, पातळ भाग इतके पारदर्शक होतात की आकार दिसत नाही. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये वरून आणि बाजूने, दोन्ही चित्रं काढा. बाजूचं चित्र राहिलं की पुढे तुलना अडते.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, अधिवास आणि पकडण्याची पद्धत लिहा. 'कोकण' एवढंच लिहिलेला नमुना नकाशाला फारसा उपयोगी नाही. जुन्या नोंदी घेताना तेव्हाचं नाव आज समानार्थी (म्हणजे त्याच प्रजातीचं दुसरं नाव) ठरलंय का ते पाहा, नाहीतर एकाच प्रजातीचे दोन नकाशे तयार होतात. दिव्यावर आलेल्या नमुन्यांना नकाशावर वेगळी खूण द्या: तो किडा दूरच्या खाचरातून उडत आलेला असू शकतो, म्हणून त्याचा अधिवास 'दिवा लावला ती जागा' असा धरता येत नाही.