पुण्याहून जैसलमेर कॅम्परव्हॅनने: रात्री गाडी कुठे लावावी

गाडीचे सर्व्हिसिंग, स्टेपनी, कागदपत्रे आणि पाण्याची टाकी हे सारे पुण्यातच उरकले असेल, असे मी गृहीत धरतो. अहमदाबाद, सांचोर, बाडमेर या मार्गाने सुमारे १२०० किलोमीटरचे अंतर तीन दिवसांत आरामात कापता येते. अंधारात गाडी चालवू नये. रस्त्यावर गुरे आणि उंट बसलेले असतात.

खरा प्रश्न मुक्कामाच्या जागेचा आहे. ‘वाळवंटात पाऊस कुठला? सपाट जागा बघा आणि थांबा,’ हा सल्ला देणाऱ्यांनी तिथली मावठ, म्हणजे पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालीमुळे) हिवाळ्यात पडणारा पाऊस, पाहिलेलीच नसते. मीही एकदा जैसलमेरच्या अलीकडे अशीच एक सपाट, स्वच्छ, टणक जागा हेरून गाडी लावली. रात्री क्षितिजावर विजा चमकत होत्या, पण आमच्या टपावर जेमतेम चार थेंब पडले. पहाटे मात्र चाके निम्मी चिखलात होती. ती जागा म्हणजे खडीन होते: खडकाळ उतारावरून वाहत येणारे पाणी लांबलचक मातीच्या बांधाने अडवून त्या ओलीवर गहू-हरभरा पिकवण्याचे शेत. त्या वर्षी पेरा झाला नव्हता, म्हणून मला ते मोकळे मैदान वाटले. ट्रॅक्टर येऊन गाडी ओढून काढेपर्यंत दुपार झाली, आणि दुसऱ्याच्या शेतात चाकांच्या चाऱ्या पाडल्याची लाज वाटली ती वेगळीच.

तेव्हापासून मी उजेड असतानाच थांबतो आणि इंजिन बंद करून शंभरेक पावले चारही बाजूंना चालतो. भेगाळलेली चिकणमाती, एका अंगाला बांध किंवा वाळून गेलेला ओहोळ दिसला, की जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. जवळपास ढाणी, म्हणजे शेतातली छोटी वस्ती असेल, तर परवानगी मागून तिच्या शेजारी थांबणे सर्वांत उत्तम, कारण तिथली माणसे घरे चढावरच बांधतात. हा अतिरेक वाटत असेल, तर ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास गाव बुडाले होते, हे लक्षात घ्यावे. जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे ते पाणी कित्येक दिवस मुरलेच नाही.

गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत, रात्रभर उघडे ठेवू नये. वादळाआधीचा गार झोत आल्यावर ते गुंडाळायला वेळ मिळत नाही. हवामान खात्याचा जिल्हानिहाय तात्कालिक इशारा तीन तासांपुरताच असतो, म्हणून तो झोपण्यापूर्वी पुन्हा पाहावा.

वाटेत धुळीच्या वादळाने गाठले, तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबून दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढावा. नाही तर मागचा चालक तुमचा लाल दिवा पाहून तोच रस्ता समजतो.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर व्हॅन मुळीच नेऊ नये. तिथे जीप मिळते.