व्हेंडरचा डेटा स्नोफ्लेकवर शेअर होऊन आलाय? मग या चुका टाळा

रोज सकाळी मेलवर येणारी सीएसव्ही फाइल बंद होऊन स्नोफ्लेकचा (क्लाउडवर डेटा साठवायचा आणि त्यावर क्वेरी चालवायचा प्लॅटफॉर्म) शेअर, म्हणजे व्हेंडरचा डेटा थेट वाचायची सोय मिळाली, की पहिले दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या दिवशी फायनान्सवाले विचारतात, "कालचा आकडा का जुळत नाही?"

घोळाचं मूळ असं, की शेअरवरून बनवलेला डेटाबेस आपल्या खात्यात दिसतो आणि आपण तो आपलाच धरून चालतो. डेटाची नक्कल इथे होतच नाही. टेबलं व्हेंडरच्या खात्यात राहतात, साठवणुकीचा खर्चही त्यांचाच. आपल्याला फक्त वाचायची मुभा. क्वेरी चालवणारं वेअरहाउस (स्नोफ्लेकमध्ये संगणनशक्तीला हे नाव आहे) मात्र आपलं, त्याचं बिलही आपलं.

पहिली चूक शेअर यायच्या आधीच होते. "आमचं खातं भारतात आहे" एवढं सांगून भागत नाही. थेट शेअरसाठी दोन्ही खाती एकाच क्लाउडवर, एकाच रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरचं ठिकाण) लागतात. ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं रीजन मुंबईत, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरचं सेंट्रल इंडिया पुण्यात. मधे फक्त घाट, पण स्नोफ्लेकच्या लेखी दोन वेगळी गावं. अशा वेळी व्हेंडरला डेटा आपल्या रीजनमध्ये रेप्लिकेट करावा, म्हणजे त्याची प्रत ठेवावी लागते आणि तो त्यांच्या वेळापत्रकाने पोचतो. करंट रीजन फंक्शन चालवा आणि जे नाव येईल तेच कळवा.

पुढे परवानग्या. अकाउंटॲडमिनने (खात्यातला सर्वांत वरचा रोल) डेटाबेस बनवला, पण ॲनालिस्टला "ऑब्जेक्ट डझ नॉट एक्झिस्ट ऑर नॉट ऑथराइज्ड" असा एरर येतो. लोक एकेका टेबलावर सिलेक्टची ग्रँट, म्हणजे वाचायची परवानगी द्यायला जातात. शेअर केलेल्या डेटाबेसवर ती चालत नाही. संपूर्ण डेटाबेसवर इम्पोर्टेड प्रिव्हिलेजेस द्यावे लागतात. मोजकीच टेबलं दाखवायची असतील तर आपल्या डेटाबेसमध्ये व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, टेबलासारखी वापरता येते) बनवा.

हाच एरर कालपर्यंत चालणाऱ्या क्वेरीला आला, तर आपले रोल उपसत बसू नका. अकाउंटॲडमिन होऊन बघा. त्यालाही टेबल दिसत नसेल तर गडबड तिकडची. बहुतेक वेळा व्हेंडरच्या टीमने क्रिएट ऑर रिप्लेसने टेबल नव्याने बांधलेलं असतं आणि शेअरला दिलेली ग्रँट त्यात उडालेली असते.

आता त्या न जुळणाऱ्या आकड्याकडे येऊ. मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत, आणि जॉइन (टेबलं जोडणाऱ्या क्वेरी) तपासत बसलो होतो! व्हेंडर वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवत असेल, तर आपल्याकडचे रात्री १२ ते पहाटे ५:३० मधले व्यवहार आदल्या तारखेत जमा होतात. खूण सोपी आहे: रोजचा आकडा कधी जास्त, कधी कमी, पण महिन्याची बेरीज जवळपास बरोबर. त्यात भर म्हणजे स्नोफ्लेकच्या सेशनचा टाइमझोन मुळात लॉस एंजेलिसचा असतो. आपण सकाळी १० वाजता "करंट डेट वजा एक" लिहितो, तेव्हा तिथे आदल्या दिवसाची रात्र असते. कालचा म्हणून परवाचा डेटा येतो. टाइमझोन पॅरामीटर खात्याच्या पातळीवरच एशिया/कोलकाता करून टाका. टाइमस्टँपच्या कॉलममध्ये झोन साठवलेला नसेल, तर तो कुठला हे व्हेंडरकडून लेखी घ्या आणि कन्व्हर्ट टाइमझोन हे फंक्शन एकाच व्ह्यूमध्ये लावा. प्रत्येक रिपोर्टात वेगळा लावलात तर कुणीतरी विसरणारच.

जुना आकडा परत काढता येईल, या भरवशावर राहू नका. शेअर केलेल्या टेबलांवर टाइम ट्रॅव्हल (जुन्या वेळेचा डेटा बघायची सोय) नाही, क्लोनही (टेबलाची झटपट प्रत) नाही. व्हेंडरने मागच्या तारखेची दुरुस्ती केली की मार्चच्या मीटिंगमध्ये दाखवलेला आकडा एप्रिलमध्ये सापडत नाही. करारात नक्कल करायला मनाई नसेल, तर महिनाअखेरीला आपल्या टेबलात प्रत काढून ठेवा.

राहिलं बिल. एक्स-स्मॉल, म्हणजे सगळ्यात छोटं वेअरहाउस तासाला १ क्रेडिट (स्नोफ्लेकच्या बिलाचं एकक) खातं, पुढच्या प्रत्येक साइजला दुप्पट. ऑटो सस्पेंड (काम नसताना वेअरहाउस आपोआप बंद व्हायची वेळ) १० मिनिटांवर आणि डॅशबोर्ड दर ५ मिनिटांनी रिफ्रेश होत असेल, तर वेअरहाउस कधी झोपतच नाही. सस्पेंड ६० सेकंदांवर आणा. आणि व्हेंडर डेटा किती वेळा भरतो तेही विचारा. रात्रीतून एकदाच भरत असेल, तर दिवसभर रिफ्रेश करून तोच आकडा पुन्हा पुन्हा दिसणार.