मिजेस गेल्यावरही गोचीड असतेच

ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये चालायला निघालात की कुणीतरी सांगतंच, ‘आता मिजेस गेले, निर्धास्त जा.’ मिजेस म्हणजे इथली चावरी चिलटं; ती बहुतेक गेलेली असतात, खरं आहे. गोचीड मात्र गेलेली नसते. इन्व्हरनेसला आल्यावर दुसऱ्याच वर्षी ग्लेन अ‍ॅफ्रिकच्या पाइनच्या रानात मला हे कळलं.

आधी मिजेसचं उरकते. आपल्या चिलटांसारखेच, पंखांची लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. चावते ती मादी. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडणं जमत नाही, आणि कडक ऊनही नको असतं. म्हणून सप्टेंबरात तंबू ठोकताना ओढ्याकाठची खोलगट जागा सोडा आणि वारा लागेल अशी सोंड धरा. सह्याद्रीत आपण आडोसा शोधतो, इथे त्याच्या उलट. डोक्यावरची जाळी खिशात ठेवा. चांगली थंडी पडली की हा विषय संपतो.

आता गोचीड. गावाकडे आपण पाहिलेली असते ती म्हशीच्या कानाला चिकटून टम्म फुगलेली. इथे अंगावर चढणारी पुष्कळदा खसखशीच्या दाण्याएवढीच असते. ती उडत नाही, झाडावरून पडत नाही. नेचा, हेदरची बुटकी झुडपं नाहीतर उंच गवत यांच्या टोकाशी पुढचे पाय पसरून थांबते आणि हरीण, मेंढी, माणूस, जे घासून जाईल त्याला धरते. वसंतात तिचा जोर असतो, तसा पानगळीतही पुन्हा वाढतो. याच दिवसांत तांबड्या हरणांचे नर माजावर येऊन दरीभर डरकाळत असतात. तो आवाज ऐकायला जरूर थांबा, पण हेदरमध्ये बसू नका, उघड्या खडकावर बसा.

पँट फिकट रंगाची घाला आणि तिचे पाय मोज्यांत खोचा. घोट्यांना आणि मनगटांना कीटकांना दूर ठेवणारं वीस टक्के इकॅरिडिनचं औषध लावा. डीट नावाचं तसलंच औषधही चालतं, पण ते प्लॅस्टिक खराब करतं. घड्याळ आणि चष्मा जपा.

पाइनच्या रानात, विशेषतः केअर्नगॉर्म डोंगरांजवळच्या रॉथिमर्कसकडे, हरणमाशीही असते. ती केसांत उतरते, पंख गाळते आणि केसांत खोल शिरते. टोपी घाला, संध्याकाळी बारीक कंगवा फिरवा.

खरं काम मुक्कामाला पोचल्यावर. गुडघ्यामागचा खळगा, जांघा, काखा, बेंबी, पट्ट्याची रेघ, कानामागे, सगळीकडे आधी बोटं फिरवा, मग पाहा. आपल्या सावळ्या कातडीवर गोचीड तिळासारखी दिसते. डोळे फसतात, बोटं फसत नाहीत. पाठ सोबतच्या माणसाला बघायला सांगा.

सापडली तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडाशी धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. पोट दाबू नका. तेल, व्हॅसलीन, रॉकेल, पेटती काडी, यातलं काहीही नको. तिच्या पोटातलं जखमेत उतरायची भीती असते. मग जंतुनाशक लावा आणि तारीख लिहून ठेवा. चोवीस तासांच्या आत काढली तर गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचा धोका बराच कमी राहतो.

मला गोचीड दिसलीच नव्हती. अकराव्या दिवशी मांडीवर डाग दिसला. खाज नाही, दुखणं नाही. माहितीपत्रकातल्या चित्रात गोऱ्या पायावर लालबुंद चक्र होतं; माझा डाग जांभळट-तपकिरी, कडा पुसट. मुका मार असेल म्हणून मी चार दिवस घालवले. तो तळहाताएवढा झाला तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्यांनी नुसता डाग पाहून निदान केलं आणि तीन आठवडे डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक दिलं. तेव्हा चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत कुठलाही डाग पसरत गेला, तर रंग कसाही असो, पेनाने कडेभोवती रेघ मारा, फोटो काढा आणि थेट दाखवायला जा. हायलंड्समध्ये फिरून आल्याचं आपणहून सांगा. पुण्या-मुंबईला परतल्यावर डाग उमटला तर हे सांगणं जास्तच गरजेचं, तिथल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येत नाही.

गोचीड कपड्यांतही राहू शकते. कोमट पाण्याच्या धुण्यातून गोचीड जिवंत निघू शकते, कोरड्या गरमीत मरते. म्हणून कपडे आधी दहा मिनिटं गरम ड्रायरमध्ये फिरवा, धुणं नंतर.