घरासाठी नॅस घेण्यापूर्वीची तयारी

राउटरला जोडून ठेवलेली आणि घरातील सर्व फोन, संगणक व टीव्हीला एकाच वेळी वापरता येणारी साठवणपेटी म्हणजे नॅस. ती कोणत्या कंपनीची घ्यावी, हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात. माझ्या यादीत तो बराच खाली येतो. कोल्हापुरात पुराची भीती असल्याने फोटो-व्हिडिओंची दुसरी प्रत कोणाच्या घरी राहणार, हे आधी ठरवावे लागते.

दोन डिस्कच्या पेटीत ‘रेड १’ पद्धत निवडली, तर दोन्ही डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो आणि एक बिघडली तरी काम थांबत नाही. मात्र चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून एकाच क्षणी जातो, म्हणून याला बॅकअप म्हणता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ साली नदी याच्याही कितीतरी वर गेली. शाहूपुरी किंवा दुधाळीतील तळमजल्यावर पाणी शिरले, तर ते एका डिस्कवर थांबत नाही. त्यासाठी एक बाहेरची यूएसबी डिस्क घेऊन, तिला पासवर्डने कुलूपबंद करून, पाचगावसारख्या उंचावरच्या भागातील नातेवाइकांकडे ठेवावी आणि दरमहा ती आणून नवी प्रत घ्यावी. ऑनलाइन साठवणही चालेल. पण १०० एमबीपीएस अपलोड सलग मिळाला तरी २ टीबी पोहोचायला सुमारे ४५ तास लागतात, हे गणित आधी मांडावे.

त्यानंतर माल मोजावा. आयफोनवर फोर-के चित्रीकरण नेहमीच्या ३० फ्रेमने आणि नव्या फॉरमॅटमध्ये केले, तर मिनिटाला सुमारे १७० एमबी, म्हणजे तासाला १० जीबी लागतात. घरातले एक लग्न आणि दोन बारशी यांचा हिशेब यावरून करता येईल. आजच्या गरजेच्या दुप्पट जागा घ्यावी. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते; त्यात दुकानदाराचा दोष नाही, मोजण्याची पद्धत निराळी आहे.

डिस्क निवडताना तांत्रिक तक्त्यात ‘सीएमआर’ (म्हणजे लेखनाचे मार्ग एकमेकांवर न चढवलेली डिस्क) लिहिले आहे, याची खात्री करावी. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये कौलांसारखे एकावर एक चढवलेले मार्ग असतात. त्यामुळे एकाच जागी बदल करायचा तरी शेजारचा भाग पुन्हा लिहावा लागतो, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरण्याचे काम फार रेंगाळते. प्रोसेसरवर मात्र उगाच खर्च करू नये. टीव्ही फाइल जशीच्या तशी चालवत असेल तर साधा प्रोसेसर पुरतो. चालता चालता फॉरमॅट बदलावा लागत असेल तरच जोरकस लागतो.

पेटीची जागा हवेशीर, स्वयंपाकघरापासून दूर आणि शक्यतो वरच्या मजल्यावर असावी. राउटरपर्यंत लॅन केबल टाकावी आणि पोर्ट गिगाबिटचे आहे ना, हे पाहावे: त्यावर १ टीबी सुमारे अडीच तासांत उतरतो, जुन्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवर पूर्ण दिवस जातो. वीज जाताच पेटीला यूएसबीवरून सूचना देऊन व्यवस्थित बंद करणारा यूपीएस हवा. घरचा इन्व्हर्टर अशी सूचना देत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला थेट उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची अनेक नॅस यंत्रे कुलूपबंद केली होती. म्हणून राउटरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून पेटीपर्यंत येण्याच्या वाटा, उघडू नयेत, मूळ ॲडमिन खाते बंद करावे आणि स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची आधीची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असलेलेच मॉडेल घ्यावे.

एवढे ठरल्यावर कंपन्यांचे दर विचारावेत. पेटी बसवल्यावर, मृग लागण्यापूर्वी, पाचगावची डिस्क आणून तिच्यातील एखादा जुना व्हिडिओ दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावा.