घरच्या घरी वॉकर सोयीचा करताना

मेडिकलमधून आणलेला घडीचा ॲल्युमिनियमचा वॉकर आहे तसाच वापरणारी घरं थोडी. चार दिवसांत त्याला पिशवी लटकते, मुठीवर जुनं फडकं गुंडाळलं जातं, पायांना काहीबाही चढतं. यातले बरेच बदल कामाचे असतात. फक्त तीन गोष्टींना धक्का लागता कामा नये: उंचीची बटणं, घडीची बटणं आणि वॉकरचा तोल.

आधी उंची, कारण ती चुकली तर बाकी सगळं वाया. घरात चपला घालत असतील तर चपलांसकट, नाहीतर अनवाणी, माणसाला ताठ उभं करा आणि हात सैल सोडायला सांगा. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या रेषेत यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर साधारण १५ ते ३० अंश वाकतं. खांदे वर चढले तर वॉकर उंच आहे, कमरेत वाकावं लागलं तर ठेंगणा. पायाचं बटण दाबून आतली नळी सरकवा. भोकं साधारण इंचाइंचावर असतात. एका पायाचं एक भोक चुकलं तरी वॉकर डुगडुगतो. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलं पाहिजे. अर्धवट अडकलेलं बटण ऐन वजन पडल्यावर सटकतं, म्हणून आधी स्वतः वॉकरवर भार टाकून बघा.

मग पायांची रबरं. तळावरच्या चकलीसारख्या गोल खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की बदलायची. एकच झिजलं असलं तरी चारही बदला, नाहीतर उंचीत फरक पडतो. जुनं रबर सोबत न्या, कारण नळीचा व्यास सगळ्या वॉकरना सारखा नसतो. घेताना रबरात बोट घालून तळाशी पत्र्याची चकती लागते का ते पाहा. चकती नसली तर नळीची धार आतून रबर कापत जाते, आणि एक दिवस नुसतं ॲल्युमिनियम फरशीला टेकतं. बाहेरून रबर धडधाकट दिसत असतं, हीच त्यातली मेख. तसं रबर घ्यावंच लागलं तर हार्डवेअरच्या दुकानातून नळीच्या बाहेरच्या व्यासाएवढा वॉशर आणून तळाशी बसवा. बसवताना रबर दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा, आतून कोरडं पुसा आणि पिळत पिळत तळ लागेपर्यंत चढवा. खोबरेल किंवा साबण लावून चढवू नका. चढतं पटकन, पण निघतंही तितक्याच पटकन.

पिशवी हा सगळ्यात उपयोगाचा बदल, आणि सगळ्यात जास्त चुकतो तोही हाच. बाजाराची पिशवी एका मुठीला अडकवली की वॉकर त्या बाजूला कलतो आणि चालताना पिशवी पायात येते. त्यापेक्षा समोरच्या आडव्या दांडीला चपटी पिशवी शिवा. जुन्या जीन्सचं कापड चांगलं. खोली २० ते २५ सेंटिमीटर पुरे, रुंदी दांडीपेक्षा चार बोटं कमी, आणि मध्ये उभी शिवण घालून दोन कप्पे, म्हणजे सामान एका कोपऱ्यात गोळा होत नाही. वर तीन पट्ट्या, वेल्क्रोच्या. नाडी बांधली तर ती सुटून पायात येते. घडीची बटणं समोरच्या दांडीजवळच असतात. पट्टी त्यांच्यापासून तीन बोटं लांब ठेवा, कापड त्यांच्यावर अजिबात येऊ देऊ नका. पिशवी लावल्यावर वॉकर एकदा मिटून, उघडून बघा: दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

सामान एक किलोच्या आत: मोबाईल, चष्मा, गोळ्यांची डबी, अर्ध्या लिटरची बाटली. भरलेली पिशवी लावून मोकळा वॉकर समोरून दोन बोटांनी खाली दाबा. मागचे पाय सहज उचलले गेले तर सामान कमी करा. चहाचा कप अडकवायची कडी लावायचा मोह होतो, तो टाळा. झाकण घट्ट बसणारा थर्मास ठीक.

मूठ घामाने निसटत असेल तर क्रिकेट बॅटची ग्रिप आठवते, पण ती नळीसारखी असते आणि वॉकरची मूठ दोन्ही टोकांना वळलेली, त्यामुळे ती चढतच नाही. बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळायची टेप घ्या. फाटका फोम आधी काढून टाका, टेप ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळा आणि टोक इन्सुलेशन टेपने बंद करा. बोटं पूर्ण मिटत नसतील, संधिवात असेल, तर टेपखाली फोमचा एक थर देऊन मूठ जाड करा. सैल फडकं मात्र नको, ते हाताखाली फिरतं.

परदेशात मागच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून लावतात. आपल्याकडे रोज ओला पोछा होतो. चेंडूची लव पाणी धरते, केस आणि धूळ गोळा करते, ओल्या टाइल्सवर घसरते. वॉकर उचलणंच जमत नसेल तर पुढच्या दोन पायांना न वळणारी, त्याच वॉकरच्या मापाची चाकं लावा आणि मागे रबर राहू द्या. पण आधी फिजिओथेरपिस्टला विचारा, कारण तोल पुढे जाणाऱ्या माणसाच्या हातून चाकांचा वॉकर निसटतो. चाकं लावल्यावर उंची पुन्हा मोजा.

रात्रीसाठी पुढच्या पायांना गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्टी चिकटवा. गाड्यांवरची रेडियमची पट्टी उजेड पडला तरच चमकते, तेव्हा सोबत झीरोचा दिवा हवाच.

बाथरूमचं दार अरुंद असलं की वॉकर तिरका करून आत घुसवतात. तिथे पडायचा धोका असतो. चौकटीची आतली रुंदी आणि मागच्या पायांमधलं अंतर मोजा. दाराची फळी चौकटीत येऊन जागा खात असेल तर दार काढून पडदा लावा. तरीही जमत नसेल तर वॉकर बाहेर ठेवून भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर माणसाचं वजन पेलत नाही.

नळीला भोक पाडणं, पाय करवतीने कापणं, उंची वाढवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा जोडणं, हे कधीच नको. पातळ ॲल्युमिनियम भोकापाशीच चिरतं. काही अडकवायचं असेल तर केबल टाय वापरा आणि त्याचं कापलेलं टोक बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर साडी आणि गाऊन त्यात अडकतात.